कवच, कवटी आणि नाव : महाराष्ट्रातील जीवाश्म कासवांच्या वर्गीकरणाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

मराठवाड्यातील जुन्या मंदिरांच्या सभामंडपात दगडी कासव हमखास आढळते. शिल्पकाराने त्याच्या पाठीवर रेघांचे जाळे कोरलेले असले तरी त्या रेघांची संख्या व मांडणी त्याच्या मर्जीची असते. पाहणाऱ्यास 'हे कासव आहे' एवढे कळले की शिल्पाचे प्रयोजन पूर्ण होते. जीवाश्म कासवाच्या अभ्यासकाचे काम मात्र तेथून सुरू होते. खडकातून निघालेला तुकडा कासवाचा आहे हे सामान्य माणूसही ओळखू शकतो. ते कोणत्या जातीचे, कोणत्या कुलाचे आणि कोणत्या काळातील कासव आहे हे ठरविताना पाठीवरच्या प्रत्येक रेघेला अर्थ प्राप्त होतो.

महाराष्ट्रात जीवाश्म कासवांचा अभ्यास १८५२ पासून, म्हणजे पावणेदोनशे वर्षांच्या आसपास चालू आहे. मुंबईतील वरळी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव ही त्याची प्रमुख स्थळे होत. या अवधीत एकाच कासवाला निरनिराळी वंशनामे मिळाली, ते एका कुलातून दुसऱ्या कुलात गेले आणि प्रत्येक वेळी भारताच्या प्राचीन भूगोलाविषयीचे वेगळे चित्र त्या नावाच्या आधाराने उभे राहिले. ही नामांतरे केवळ नामकरणाच्या शास्त्रातील तांत्रिक बाब मानून सोडून देता येत नाहीत. नाव देताना अभ्यासकापुढे कोणते हाड होते आणि त्या हाडाकडून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासारखे होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखात 'वंश' ही संज्ञा द्विनाम पद्धतीतील पहिल्या पदासाठी, 'जाती' ही संज्ञा दोन्ही पदांनी मिळून दर्शविल्या जाणाऱ्या घटकासाठी आणि 'कुल' ही संज्ञा वंशांच्या समूहासाठी वापरली आहे.

कवचाचा पुरावा

कासवाचे कवच दोन भागांचे असते. पाठीवरील भागास पृष्ठकवच व पोटाकडील भागास अधरकवच म्हणतात. दोन्ही मिळून साधारणतः साठाच्या आसपास हाडे एकमेकांत सांधलेली असतात. या हाडांवर शृंगद्रव्याची शल्के असतात. शल्कांच्या कडा व हाडांचे सांधे एकाच जागी येत नाहीत. शल्के सहसा कुजून नाहीशी होतात, परंतु त्यांच्या कडांच्या खाचा हाडावर उमटून राहतात. त्यामुळे एका चांगल्या जीवाश्म कवचावर अभ्यासकाला दोन नकाशे वाचता येतात : एक हाडांच्या सांध्यांचा व दुसरा शल्कांच्या खाचांचा.

या दोन नकाशांवरून बरेच काही कळते. कासवांचे दोन मोठे विभाग आहेत. क्रिप्टोडायरा विभागातील कासवे मान उभ्या प्रतलात वाकवून डोके सरळ आत ओढून घेतात. प्लुरोडायरा विभागातील कासवे मान आडवी मुडपून डोके कवचाच्या कडेखाली बाजूस लपवितात. दुसऱ्या विभागास मराठीत 'पार्श्वग्रीव कासवे' म्हणता येईल. जीवाश्मात मानेची हालचाल दिसत नाही. तथापि पार्श्वग्रीव कासवांची श्रोणी पृष्ठकवच व अधरकवच या दोहोंस घट्ट जोडलेली असते आणि त्या जोडाचे वण कवचाच्या आतील बाजूस स्पष्ट दिसतात. म्हणजे कवचाच्या मागील भागाचा एखादा तुकडा हाती आला तरी तो कोणत्या विभागाचा, हे ठामपणे सांगता येते.

पुढच्या पायरीवरही कवच उपयोगी पडते. दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीत राहणाऱ्या केलिडी कुलातील कासवांच्या अधरकवचात मध्यवर्ती जोडहाडे नसतात; पेलोमेडुसॉइड गटात ती असतात व बहुधा लहान होऊन बाजूला सरकलेली असतात. केलिडी कुलात मानेवरचे छोटे शल्क बहुतेक वेळा असते, पेलोमेडुसॉइड गटात ते नसते. अशा लक्षणांवरून कवचाचे स्थान बऱ्यापैकी निश्चित होते.

कुलाच्या खाली मात्र कवचाचा पुरावा झपाट्याने दुबळा होत जातो. कवचाचा घाट हा प्राण्याच्या राहणीशी निगडित असतो. वाहत्या पाण्यात पोहणाऱ्या कासवांचे कवच चपटे, तर जमिनीवर वावरणाऱ्यांचे घुमटाकार होण्याकडे कल असतो. परस्परांशी नाते नसलेल्या कासवांतही असे साम्य उद्भवते. त्यातच वय आणि लिंग यांनुसार एकाच जातीच्या कवचात फरक पडतो. शिवाय जीवाश्म कवच खडकाच्या भाराने दबून पसरट झालेले असते. तेव्हा दोन कवचांतील फरक हा जातींचा फरक आहे, की वयाचा, लिंगाचा अथवा दाबाचा, हे ठरविण्यासाठी अनेक नमुने हवेत आणि तेच सहसा उपलब्ध नसतात.

कवटीचा पुरावा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कासवांच्या वर्गीकरणाचा भर कवटीकडे वळला. या बदलाचे श्रेय प्रामुख्याने न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतील यूजीन गॅफ्नी यांच्याकडे जाते. १९७५ मधील वर्गीकरणात त्यांनी जबडा मिटविणाऱ्या स्नायूच्या मार्गास महत्त्व दिले. हा स्नायू कवटीत मागे जाताना कप्पीवरून दोर वळावा तसा एका उंचवट्यावरून वळतो. क्रिप्टोडायरात हा उंचवटा कानाच्या कोष्ठावर असतो, तर प्लुरोडायरात तो टाळूच्या बाजूच्या टेरिगॉइड या हाडाच्या प्रवर्धावर असतो. एकच काम दोन निराळ्या हाडांकडून करून घेतलेले दिसते, म्हणून हे लक्षण दोन विभागांचा जुना वियोग दर्शविते, असा हा युक्तिवाद आहे. १९७९ मध्ये त्यांनी सजीव व जीवाश्म कासवांच्या कवट्यांचे तुलनात्मक वर्णन प्रसिद्ध केले. २००६ मध्ये हैयान टाँग व पीटर मेलन यांच्यासह बोथ्रेमिडिडी व इतर दोन कुलांवरील जवळजवळ ७०० पृष्ठांचा ग्रंथ सिद्ध केला. पार्श्वग्रीव जीवाश्म कासवांचा विचार करणाऱ्या कोणासही हा ग्रंथ टाळता येत नाही.

कवटीत हाडांची संख्या पुष्कळ आणि त्यांच्या संपर्काचे प्रकारही पुष्कळ असतात. मज्जातंतू व रक्तवाहिन्यांची छिद्रे, कानातील हाडाचा मार्ग, टाळूचा आकार अशी अनेक स्वतंत्र लक्षणे तिच्यात एकत्र येतात. उदाहरणार्थ, कवटीच्या मागील बाजूस क्वाड्रेट व एक्सऑक्सिपिटल ही हाडे एकमेकांस भिडणे हे बोथ्रेमिडिडी कुलाचे एक महत्त्वाचे लक्षण मानले जाते. पोडोक्नेमिडिडी कुलात टाळूच्या मागील भागात विशिष्ट खोल पोकळी असते. अशी लक्षणे राहणीच्या दडपणाने सहजासहजी बदलत नाहीत, म्हणून नातेसंबंध ठरविण्यास ती अधिक विश्वसनीय ठरतात. कवच प्राण्याला मोठ्या विभागात नेऊन बसविते, तर कवटी त्याचे घर दाखविते, असे या दोहोंतील तारतम्य थोडक्यात मांडता येईल.

वरळीचे कासव

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील पहिल्या उदाहरणाकडे पाहता येते. दख्खन ट्रॅपच्या दोन लाव्हाप्रवाहांमधील काळात गोड्या पाण्याची तळी साचली आणि त्यांच्या गाळाचे थर पुढच्या लाव्ह्याखाली दबले. यांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. मुंबईतील वरळीच्या अशा थरांतून लहान बेडकांचे सांगाडे मिळाले होते आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले होते. त्याच परिसरातील कासवाला मुंबईतील शल्यचिकित्सक व निसर्गअभ्यासक हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ मध्ये डॉ. लीथ यांच्या सन्मानार्थ 'टेस्टूडो लीथिआय' असे नाव दिले. टेस्टूडो हे लिनिअसच्या काळापासून चालत आलेले व्यापक वंशनाम. त्यातून नात्याविषयी फारसा दावा सूचित होत नव्हता.

दावा आला तो १८७१ मध्ये. ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे यांनी हे कासव 'हायड्रॅस्पिस' या वंशात घातले. हायड्रॅस्पिस हे दक्षिण अमेरिकेतील केलिडी कासवांसाठीचे नाव होय. या एका शब्दाने मुंबईच्या कासवाचे आप्त दक्षिण अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात असल्याचे जाहीर झाले. भारतात आज एकही पार्श्वग्रीव कासव नाही, हे लक्षात घेता हा दावा लहान नव्हता. पुढे सुमारे ८० वर्षे हे नाव सूचींतून व पाठ्यग्रंथांतून चालत राहिले.

१९५३ मध्ये अर्नेस्ट विल्यम्स यांनी या दाव्याची फेरतपासणी केली. हे कासव केलिडी कुलाचे नसून पेलोमेडुसिडी कुलाचे आहे, असा निष्कर्ष त्यांनी शीर्षकातच नोंदविला आणि त्यासाठी कार्टर यांच्या नावावरून 'कार्टरेमिस' हा वंश पुढे आला. केलिडी कुलाच्या जीवाश्म-वितरणावरील लेखमालेचा हा पहिला भाग होता. चुकीच्या कुलात बसलेला एक जीवाश्म बाहेर काढल्याने त्या कुलाच्या इतिहासातून भारत वगळला गेला, हे त्यामागील खरे महत्त्व होय.

ग्रे यांच्यावर निष्काळजीपणाचा आरोप करणे उचित होणार नाही. हे कासव पार्श्वग्रीव आहे, इथवर कवचाने योग्य उत्तर दिले होते. चूक पुढच्या पायरीवर झाली. कवचाला विभाग विचारला असता ते बोलले; वंश विचारला तेव्हा मिळालेले साम्य नात्याचे आहे असे गृहीत धरले गेले. विल्यम्स यांच्या दुरुस्तीलाही मर्यादा आहे. त्यांच्या काळात 'पेलोमेडुसिडी' ही संज्ञा आजच्यापेक्षा पुष्कळ व्यापक होती. आज स्वतंत्र मानली जाणारी पोडोक्नेमिडिडीसारखी कुले तिच्यात सामावलेली होती. म्हणून जुन्या लेखातील 'पेलोमेडुसिडी' हा शब्द आजच्या अर्थाने वाचणे ही नवी चूक ठरेल.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. १८७२ मध्ये, म्हणजे दुसऱ्याच वर्षी, ग्रे यांनी दख्खनच्या नद्यांतील एका सजीव मऊ पाठीच्या कासवालाही लीथ यांचेच नाव दिले. ते कासव गोदावरीत आढळते. ट्रायोनिक्स, अॅस्पिडेरेटिस आणि आता निल्सोनिया असा त्याच्याही वंशनामाचा प्रवास झाला आहे. एक लीथिआय वरळीच्या खडकातील पार्श्वग्रीव, दुसरे नांदेडजवळून वाहणाऱ्या गोदावरीतील क्रिप्टोडायरा. दोघांत नावापलीकडे जवळचे नाते नाही. जातिनामाच्या साम्यावरून काहीही अनुमान काढता येत नाही, हे विद्यार्थ्यांस समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

पिसदुऱ्याचे कासव

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा हे गाव लॅमेटा मालेतील जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहे. डायनोसॉरची हाडे व शिळाभूत विष्ठा येथे मिळतात; या विष्ठेतील सूक्ष्म सिलिकाकणांवरून २००५ मध्ये क्रिटेशस काळातील गवताचा पुरावा पुढे आला होता. हे थर क्रिटेशस कल्पाच्या अखेरच्या टप्प्यातील आहेत. भारतीय सांख्यिकी संस्थेतील सोहनलाल जैन यांनी १९७७ मध्ये येथील कासवाचे वर्णन केले व त्याला 'पिसदुरेन्सिस' हे जातिनाम मिळाले. १९८६ मध्ये त्यांनी जवळच्या डोंगरगाव येथील नव्या अवशेषांचे वर्णन करून भारतातील तत्सम कासवांचा आढावाही घेतला.

या जातीचे वंशनाम ग्रंथांतून कोठे कार्टरेमिस, तर कोठे श्वेबोएमिस असे आढळते. या दोन नावांतील अंतर विचारात घेण्यासारखे आहे. कार्टरेमिस म्हटले की पिसदुऱ्याचा संबंध वरळीच्या कवचाशी जोडला जातो. श्वेबोएमिस हा वंश मात्र स्विंटन यांनी १९३९ मध्ये म्यानमारमधील पुष्कळ अलीकडच्या काळातील जीवाश्मावरून स्थापला होता. तो पोडोक्नेमिडिडी कुलातील असून त्याच्या गटात मधोमध फट असलेला दुय्यम टाळू हे वैशिष्ट्य आढळते. पहिले नाव भारतापुरते नाते सांगते. दुसरे नाव चंद्रपूरच्या डायनोसॉरकालीन तळ्यापासून कोट्यवधी वर्षे ओलांडून इरावतीच्या खोऱ्यापर्यंत जाते. प्राणी तोच असताना वंशनामाच्या निवडीने इतिहास इतका बदलतो.

या प्रश्नास वेगळे वळण मिळाले ते इतर स्थळांच्या कवट्यांमुळे. २००१ मध्ये गॅफ्नी, शंकर चॅटर्जी व रुद्र यांनी तामिळनाडूतील कल्लमेडू येथील कासवास 'कुर्मडेमिस कल्लमेडेन्सिस' हे नाव दिले. २००३ मध्ये गॅफ्नी, अशोक साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या अंतरा-ट्रॅपी थरांतील कवटीवरून 'संकुचेमिस सेठनाय' ही जाती स्थापली. दोन्ही बोथ्रेमिडिडी कुलातील ठरली आणि २००६ च्या ग्रंथात त्यांचा 'कुर्मडेमिडिनी' हा स्वतंत्र गट मान्य झाला. २००९ मध्ये मादागास्करमधील 'किंकोनिकेलिस' हे कासव याच गटात आले. अखेर २०२० मध्ये वॉल्टर जॉइस व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी पिसदुऱ्याच्या कासवाचा संपूर्ण फेरविचार केला. लॅमेटा मालेतील उपलब्ध कासव-अवशेष एकाच जातीचे मानता येतात व ती जाती कुर्मडेमिडिनी गटातील आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तिच्यासाठी जैन यांच्या सन्मानार्थ 'जैनेमिस' हा नवा वंश त्यांनी स्थापला.

या फेरविचारातील सर्वांत मोलाची गोष्ट नवे नाव ही नव्हे. जातींची संख्या वाढविण्याऐवजी ती एकावर आणण्याचे धैर्य त्यात आहे. तुकडे निराळे दिसले म्हणजे जाती निराळ्या, ही सोपी वाट सोडून, त्यांना एकाच जातीचे मानण्यास कोणते लक्षण आड येते, असा प्रश्न येथे विचारला गेला. जीवाश्मविज्ञानात सिद्धीचे ओझे वेगळेपण सांगणाऱ्यावर असावे, या तत्त्वाचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

एका थरात दोन नावे

मुंबईच्या थरांबाबत मात्र असा समारोप अद्याप करता येत नाही. तेथे १८५२ पासून चालत आलेले कार्टरेमिस लीथिआय हे नाव मुख्यतः कवचावर आधारलेले आहे आणि २००३ मधील संकुचेमिस सेठनाय हे नाव कवटीवर. एकाच प्रदेशातील एकाच प्रकारच्या थरांत ही दोन्ही कासवे मिळाली. ती दोन भिन्न कासवे होती, की एकाच कासवाचे धड एका नावाने व डोके दुसऱ्या नावाने ओळखले जात आहे? कवच आणि कवटी एकत्र जोडलेला, नीट जपलेला नमुना हाच या प्रश्नाचा निर्णायक पुरावा ठरू शकतो.

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार दोन नावे एकाच जातीची ठरली तर आधीचे नाव ग्राह्य धरले जाते. तसे झाल्यास जुने, कमी माहिती देणारे कवच नाव टिकवील आणि अधिक बोलकी कवटी आपले नाव गमावील. नामकरणाचा न्याय कालक्रमाचा असतो, पुराव्याच्या गुणवत्तेचा नसतो. म्हणूनच अपुऱ्या नमुन्यावर नाव ठेवणाऱ्याची जबाबदारी मोठी असते. त्याचे ओझे पुढील अनेक पिढ्यांना वाहावे लागते.

काळाच्या बाबतीतही सावधगिरी आवश्यक आहे. विल्यम्स यांच्या १९५३ च्या शीर्षकात हे कासव इओसीनमधील म्हटले आहे. २००३ च्या लेखाच्या शीर्षकात मुंबईच्याच कासवाचा काळ उत्तर क्रिटेशस दिला आहे. दरम्यान २००१ मध्ये हेतू शेठ व सहकाऱ्यांनी मुंबईच्या ट्रॅकाइट खडकांचे वय सुमारे ६ कोटी वर्षे असल्याचे दाखविले आणि मुंबई परिसरातील ज्वालामुखी क्रिया पॅलिओसीनमध्येही चालू होती, हे स्पष्ट झाले. क्रिटेशसचा अंत ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाला. डायनोसॉर नष्ट करणारी आपत्ती या रेषेवर आहे. मुंबईचे थर रेषेच्या अलीकडे असतील तर कुर्मडेमिडिनी कासवे त्या आपत्तीतून वाचली, असा महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पलीकडे असतील तर निघत नाही. एका कवटीचे मोल अशा रीतीने ती ज्या थरात मिळाली त्या थराच्या वयावर अवलंबून राहते. थराची नोंद नसलेली उत्कृष्ट कवटी या प्रश्नापुरती मुकी ठरते.

कवटीकेंद्री पद्धतीच्या मर्यादा

वरील विवेचनावरून कवटीला श्रेष्ठ आणि कवचाला दुय्यम मानण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु कवटी नाजूक असते, वाहत्या पाण्यात ती धडापासून सुटते व सहज फुटते. कवचाचे जाड पट्ट मात्र टिकतात. केवळ कवटीवर आधारलेले वर्गीकरण अचूक असले तरी निसर्गात विखुरलेल्या बहुसंख्य पुराव्याला त्यात जागा राहत नाही. शिवाय कवटी मिळाली तरी ती बहुधा एकच असते. एका कवटीवरून जातीतील स्वाभाविक विविधता कळत नाही.

भूगोलविषयक अनुमानांनाही मर्यादा आहे. भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले. दोन्हीकडे कुर्मडेमिडिनी कासवे असणे या सामायिक वारशाशी जुळते. तथापि बोथ्रेमिडिडी कुलातील काही कासवे किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात वावरणारी होती. कुलात अशी क्षमता असताना प्रत्येक आप्तसंबंध जमिनीच्या सलगतेनेच स्पष्ट करणे धाडसाचे ठरते. हायड्रॅस्पिसच्या वेळी कवचावरून खंड जोडले गेले. आज कवटीवरून ते जोडताना तोच उतावीळपणा होऊ नये.

तुकड्यांवरून संपूर्ण प्राण्याची कल्पना करताना अनुभवी अभ्यासकही घसरतात. शिवालिक टेकड्यांतील महाकाय भूकासवाचे वर्णन ह्यू फॅल्कनर व प्रोबी कॉटली यांनी १८४४ मध्ये केले. त्यास त्यांनी 'कोलोसोकेलिस अॅटलास' म्हटले आणि फॅल्कनर यांनी भारतीय पुराणांतील कूर्माशी त्याची सांगड घालण्याचाही प्रयत्न केला. विखुरलेल्या हाडांवरून केलेला त्यांचा आकाराचा अंदाज पुढील अभ्यासकांनी बराच कमी केला. याच अभ्यासकांनी शिवालिकमधील दुसरे एक लहान कासव आजच्या सजीव जातीहून वेगळे नाही, असेही ओळखले होते. आज ती जाती 'पँगशुरा टेक्टा' म्हणून ओळखली जाते. जीवाश्म असणे म्हणजे नामशेष असणे नव्हे, हा त्या निरीक्षणाचा धडा होय.

मराठवाड्याच्या दृष्टीने

नांदेड व लातूर जिल्ह्यांचा बहुतांश भाग दख्खन ट्रॅपने व्यापलेला आहे. नांदेडच्या पूर्व भागात देगलूर-बिलोलीकडे ट्रॅपची कड येऊन जुने ग्रॅनाइटी खडक उघडे पडतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे खोदलेल्या छिद्रात ३३८ मीटर जाडीचा बेसाल्ट लागला आणि त्याखाली सुमारे ८ मीटर जाडीचे गाळाचे थर आढळले. पिसदुऱ्यास जसे ट्रॅपपूर्व थर उघड्यावर आहेत, तसे लातूरला ते जमिनीखाली दडलेले आहेत. म्हणून या दोन जिल्ह्यांतील शोध दोन ठिकाणी अपेक्षित धरावा लागतो : ट्रॅपच्या कडेवरील व प्रवाहांमधील पातळ गाळथरांत, आणि गोदावरी-मांजरेच्या पुष्कळ अलीकडच्या गाळात. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी मांजरा खोऱ्यातून हत्ती, पाणघोडा व रानबैल यांचे जीवाश्म नोंदविले आहेत.

या दोन प्रकारच्या थरांतील कासवांस एकच कसोटी लावता येणार नाही. गाळथरातील तुकड्यावर श्रोणीच्या जोडाचा वण आहे काय, हा पहिला प्रश्न असावा. नदीच्या गाळातील तुकड्याबाबत प्रश्न उलटा ठेवावा : तो आजच्या गोदावरीतील एखाद्या जातीचा नाही, असे मानण्यास काय आधार आहे? मऊ पाठीच्या कासवांच्या हाडांवर शल्कांच्या खाचा नसतात व पृष्ठभागावर खळग्यांची जाळी असते. त्यामुळे ते कुल चटकन ओळखू येते. तेवढ्यावर 'ट्रायोनिक्स' असे वंशनाम लिहिण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. १९८७ मध्ये मेलन यांनी या कुलाची पुनर्रचना केल्यानंतर ते नाव भारतीय कासवांना लागू राहिलेले नाही. जुन्या यादीतील 'ट्रायोनिक्स' म्हणजे आज 'मऊ पाठीचे एखादे कासव' एवढेच समजावे.

महाविद्यालयीन संग्रहांचे महत्त्व याच ठिकाणी आहे. विद्यार्थ्याने सहलीतून आणलेला कवचाचा तुकडा कपाटात ठेवताना त्यावर जातीचे नाव लिहिण्याची घाई केली जाते आणि गाव, ओढा, थर व त्याखाली-वर काय होते ही माहिती राहून जाते. नाव चुकले तर ते पुढे कोणीही दुरुस्त करू शकेल, वरळीच्या कासवाचे तसे झालेच आहे. स्थळाची व थराची नोंद एकदा हरवली की ती कोणत्याही तज्ज्ञास परत मिळविता येत नाही. चिठ्ठीवर प्रथम स्थळ, मग थर, मग हाडाचे नाव आणि सर्वांत शेवटी, पेन्सिलीने, कुलाचे वा वंशाचे नाव असा क्रम ठेवणे हितावह ठरेल. प्राणिशास्त्र व भूविज्ञान विभागांनी अशा संग्रहांची एकत्रित पाहणी केल्यास नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात विद्यार्थ्यांसाठी तो एक सार्थ प्रकल्प होऊ शकेल.

निष्कर्ष

महाराष्ट्रातील जीवाश्म कासवांच्या वर्गीकरणाचा इतिहास हा अज्ञानाकडून ज्ञानाकडे सरळ गेलेला मार्ग नाही. कवचाने विभाग व कुल यांविषयी योग्य दिशा दाखविली; वंशाविषयी त्याच्याकडून अधिक वदवून घेतले गेले तेव्हा मुंबई दक्षिण अमेरिकेशी जोडली गेली. कवट्यांनी पिसदुऱ्याच्या कासवाला त्याचे आप्त मिळवून दिले, पण मुंबईच्या थरांत कवच व कवटी यांची नावे अजून वेगळी आहेत आणि थरांच्या वयाचा प्रश्न त्यांच्या अर्थावर परिणाम करतो आहे. या साऱ्यांतून वर्गीकरणाची एक साधी शिस्त हाती लागते : हाड जेवढे सांगते तेवढ्याच पायरीपर्यंत नाव द्यावे. 'पार्श्वग्रीव कासव, कुल अनिश्चित' ही नोंद अपुरी वाटली तरी ती खरी असते. चुकीच्या वंशनामाची पूर्ण नोंद मात्र ऐंशी वर्षे पुरून उरू शकते.